पहिला तास

१९६४ सालची गोष्ट. सकाळी तापीत नाव उलटली. बाकी सगळे काठाला लागले, पण आमच्या वर्गातला नवल त्या नावेत होता की आधीच्या खेपेने कॉलेजला निघून गेला होता, कोणालाच नक्की सांगता येईना.

दुपारी त्याचे वडील, पितांबरकाका, सायकल हाणत कॉलेजात आले. चिखलाने भरलेले, पार दमलेले. वर्गाच्या दारातूनच त्यांनी विचारलं, "सर, मन्हा नवल आज उना का?"

सरांनी हजेरीपट उघडला. "हे काय, पहिल्या तासाला हजर आहे. या महिन्यात एक दिवस चुकला नाही तुमचा पोरगा. बसला असेल कुठं चहा पीत."

काका दारातच खाली बसले. धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"मंग मी जास. सकाळपाइन पोरे पाणीमा त्याले धुंडी ऱ्हायनात, थकी ग्यात बिचारा. त्यासले बाहेर काढस."



काका सायकलवर बसून दिसेनासे झाले, तरी मला बाकावरून उठून सांगता आलं नाही, की रोजच्यासारखं आज सकाळीही नवलच्या नावाला 'हजर सर' मीच म्हणालो होतो.