नळ बंद करू नका

गोठवणाऱ्या थंडीचा अलर्ट संध्याकाळी अचानक फोनवर आला, तेव्हा गाडीमागे जोडलेलं आमचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलर, अमेरिकेत ओहायोतल्या कॅम्पग्राउंडवर पोचलाही होता. वाहतं पाणी गोठत नाही, म्हणून नवऱ्याने सिंकचा नळ बारीक धारेवर ठेवला. “आई, रात्री हा नळ बंद करू नका, पाइप फुटतील,” मी जालन्याहून आलेल्या सासूबाईंना बजावलं. उजाडता उजाडता जाग आली, तर धारेचा आवाजच नाही. खिडकीवर बर्फ, नळ घट्ट बंद. धावत जाऊन नळ सोडला आणि पाणी धो धो आलं. “खालचं कपाट उघड,” मागून सासूबाई म्हणाल्या. आत पाइपला त्यांचं गुडघे शेकायचं इलेक्ट्रिक पॅड गुंडाळलेलं. “मेलं सारखं बंद पडतं, रात्रभर चालू करत बसले.” “अहो आई, नळ चालू ठेवून झोपायचं ना.” “जन्मभर टँकरची वाट बघितली. वाहता नळ ऐकत झोप लागेल मला?”