माफीचा खोका

आमच्या बेटाची फेरीबोट वापरलेल्या तळणाच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलवर चालते. त्यासाठी माझी बायको मित्सुए दर गुरुवारी कालवं तळून उरलेलं तेल गाळून, बाटलीत भरून बोटीच्या धक्क्यावर देऊन येते. केवढा अभिमान तिला!

गेल्या महिन्यात त्या बोटीची टाकी आमच्या कालवांच्या तराफ्यांजवळ फुटली. तराफ्यांखाली दोऱ्यांना टांगून वाढवलेली कालवं तोंड वासून मेली. शिंपला उघडला की आत करडा शेंबूड आणि खवट तेलाचा भपकारा.

काल बोटकंपनीचे नागातानी साहेब कमरेत वाकून माफी मागायला आले. म्हणाले, "काका, हे खनिज तेल थोडंच आहे? तुमच्याच स्वयंपाकघरातलं. समुद्र पचवतो हो."

"मग हे एवढं एक तुम्ही पचवून दाखवा," म्हणत मित्सुएनं शिंपला त्यांच्या नाकाशी धरला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, सुबक कागदात गुंडाळलेला खोका ठेवला आणि परतीची बोट गाठली.

देणाऱ्यासमोर भेट उघडायची नसते, म्हणून ते गेल्यावर आम्ही खोका उघडला.



आत तळणाच्या तेलाच्या सहा नव्याकोऱ्या बाटल्या होत्या, आणि वर चिठ्ठी: ‘वापरून झालं की गुरुवारी आठवणीनं आणून द्या.’