आण्णांसाठी विजेची बिडी

"स्वतःसाठी हवी, का कुणाला द्यायचीय?" अमरसिंहनं विचारलं.

"वडलांसाठी," केरबा म्हणाला. "उद्या सकाळी नऊच्या आत लागती."

अमरसिंहचं राजारामपुरीत मोबाइलचं दुकान होतं. २००९ साली अशा दुकानात मोबाइल सोडून बरंच काही मिळायचं. त्यात नवी भर म्हणजे चीनहून आलेली इलेक्ट्रॉनिक सिगारेट. काचेखाली तीन प्रकार मांडून महिना झाला होता आणि एकही खपली नव्हती. त्यामुळं त्यानं लगबगीनं खुर्ची पुढं केली. केरबा बसला नाही. पायरीवरच उभा राहिला.

अमरसिंहनं नवख्याला समजेल असं सगळं सांगितलं. पहिली पांढरी, हुबेहूब सिगारेटसारखी. ओढली की टोकाला लाल दिवा लागतो. दुसरी पाइपासारखी, ती वकिलांना शोभते. तिसरी काळी, पेनाएवढी, तिला बटण. चार तास चार्ज करायची, आत तंबाखूच्या, पुदिन्याच्या नाहीतर सफरचंदाच्या वासाची नळी बसवायची. धूर नाही, नुसती वाफ.

"किती ओढतात वडील?"

"दिवसाला दोन बंडलं बिडी. कालपासनं बंद हाय."

"मग निम्मं काम झालंय की, पावणं."

केरबानं मान हलवली.

खरी अडचण त्याच्या आईची, तानाबाईंची होती. पन्नास वर्षं त्यांनी आण्णांच्या बिडीशी वैर धरलं होतं. बंडलं लपवली, पाण्यात भिजवली, एकदा म्हशीच्या आंबोणात कालवली. म्हशीनं तोंड लावलं नाही आणि आण्णांनी बिडी सोडली नाही. आता तानाबाईंनी बजावलं होतं की ह्यांच्यापुढं कुणी बिडी ठेवली तर मी तिथं उभी राहायची नाही. केरबाचे काका गणपतराव यांचं नेमकं उलट. बिडी दिसल्याबिगर आमचा आण्णा घास घ्यायचा नाही, जन्मापासून ओळखतो त्याला, असं ते येईल त्याला सांगत होते.

उद्या भावकी जमणार होती, नेसरीचे पाहुणे येणार होते. सगळ्यांच्या देखत आण्णांनी पान तसंच ठेवलं तर बोट आईकडं जाणार होतं. भावकीचं बोट एकदा गेलं की परत येत नाही.

केरबा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला होता. पुण्याहून आलेला एक इंजिनिअर साहेबांच्या केबिनमध्ये बसून असली सिगारेट ओढताना त्यानं पाहिला होता. ही बिडीही नव्हती आणि बिडी नाही असंही म्हणता येत नव्हतं. दोन्ही पक्षांना चालेल असा मार्ग त्याला एवढाच दिसला.

"पांढरी न्या," अमरसिंह म्हणाला. "नव्या माणसाला हीच बरी."

"ओढल्याबिगर चालू हुती का?"

"न्हाय. ओढाय लागती."

"मग न्हाय जमायचं. आण्णांच्यात आता तेवढा दम न्हाय."

अमरसिंहनं चेहरा जरा गंभीर केला आणि काळी बाहेर काढली. हिचं बटण दुसऱ्यानं दाबून धरलं तरी वाफ निघत होती. केरबानं दाबून बघितलं. निघाली, बेताची. वास तंबाखूचा आहे असं खोक्यावर लिहिलं होतं.

सुरुवातीला हलकी नळी घ्यावी, नाहीतर ठसका लागतो, असंही अमरसिंहनं सांगितलं. केरबा म्हणाला, कडकच द्या, ठसक्याची आता काळजी नाही.

"वडील हट्टी दिसत्यात."

"लय. मनात एक धरलं की दुसरं काय चालत न्हाय."

"एकदा गोडी लागू दे. महिन्यानं स्वतः येत्यात का न्हाय बघा, नळ्या न्यायला."

केरबानं सिगारेट घरी नेली आणि चार्जिंगला लावली.

सकाळी नऊला साठ-सत्तर माणसं जमली. केळीच्या पानावर भात, दही, कांदाभजी आणि दोन जिलेब्या वाढल्या. शेजारी कपभर चहा ठेवला. सगळं आण्णांच्या आवडीचं होतं.

साडेनऊ झाले. आण्णांकडून काहीच हालचाल नव्हती. चहावर साय धरली. केरबानं हात जोडून विहिरीचं राहिलेलं काम पुरं करतो म्हणून सगळ्यांसमोर कबूल केलं. त्याचाही उपयोग झाला नाही. मग त्यानं खिशातून काळी सिगारेट काढली, बटण दाबून धरलं, वाफ आल्याची खात्री केली आणि ती पानाच्या कडेला ठेवली. जरा वारा सुटला आणि वाफ गेली.

"त्यो पेन कशाला ठेवलायस?" गणपतराव म्हणाले. "आण्णाची सही पायजे काय?"

नेसरीचे एक पाहुणे हसले आणि लगेच खोकले. दहा वाजले. माणसं घड्याळाकडं बघत होती, मग तानाबाईंकडं बघायला लागली. पहिल्यांदा चोरून, नंतर उघड. केरबानं मान खाली घातली.

तानाबाई पुढं आल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी बिडीचं बंडल काढलं. ते तिथं कधीपासून होतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्यांनी काडी ओढली. बिडी झुरका घेतल्याशिवाय पेटत नाही, म्हणून जन्मात पहिल्यांदा ती स्वतःच्या ओठाला लावली. डोळ्यांत पाणी येईतोवर खोकल्या. मग ती त्यांनी पानाच्या कडेला ठेवली आणि काळी सिगारेट उचलून केरबाच्या हातात दिली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता न्हाय बोलत मी."

स्मशानाच्या पत्र्यावरनं एक कावळा खाली उतरला आणि त्यानं भाताला चोच लावली.