मयुराचा लाकडी बैल

यंदाचा बैल गेल्या वर्षीपेक्षा बोटभर उंच होता. कवडूने तो पिशवीतून काढला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि टीव्हीशेजारी मयुराच्या फोटोपुढे ठेवला.

“चाकं सागाची आहेत, वहिनी. चांगली फिरतेत.”

“काहून एवढा त्रास घेता भाऊ दरवर्षी?” प्रेमलता म्हणाली. तिला ते आवडलेलं होतं, हे लपत नव्हतं.

कवडू कुहीला सुतारकाम करतो. बारा महिने दारं आणि चौकटी. पण तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी मिरवतात त्या दिवशी, तो पहिल्या बसने बालमित्र जितेंद्रकडे नागपुरात हुडकेश्वरला येतो. बैल ठेवतो, दोन करंज्या खातो आणि दुपारच्या बसने परततो. जितेंद्रने घरं बदलली, त्याचं लग्न झालं, आई गेली. कवडूचा बैल काही चुकला नाही.

मयुरा ही जितेंद्रची धाकटी बहीण. फोटोत दोन वेण्या आणि पुढचा एक दात पडलेला. आज असती तर चव्वेचाळीसची असती, पण ती सहाचीच राहिली.

टीव्हीवर मारबतीची मिरवणूक लागली होती. गावातली रोगराई, भय, जे काही वाईट असेल ते त्या बांबू-कागदाच्या बाईच्या माथी मारायचं आणि तिला गावाबाहेर नेऊन जाळायचं, ही नागपूरची जुनी रीत. “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!” माणसं घसा फोडून ओरडत होती.

जितेंद्रने टीव्ही बंद केला.

“पाहू द्या नं! दरवर्षी बंद करता तुम्ही,” प्रेमलता कुरकुरली आणि कवडूकडे वळली. “भाऊ, आज दुपारची बस विसरा. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांचा पोळा आहे, तिथं तुमचा सत्कार ठेवला. अकरा वर्षांचं पोरगं पुरात उडी घालते, पाच जणांचा जीव वाचवते, गंमत आहे का?”

कवडू फरशीकडे पाहत राहिला. कौतुक निघालं की तो असाच पाहायचा. माणूस लाजाळू आहे, असं सगळे म्हणत.

प्रेमलता शाल काढायला आतल्या खोलीत गेली. जितेंद्र खुर्ची ओढून जवळ बसला.

“कवडू, संध्याकाळी मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहो. पण आधी तुले विचारतो. तू मले माफ करशील का?”

“जाऊ दे नं बे.”

“नाही. आता नाही जाऊ द्यायचं.”

मामाच्या गावचा तो पोळा! त्या दिवसांची आठवण आली की जितेंद्रला अजून नदीच्या चिखलाचा वास येतो. जितेंद्र, मयुरा, कवडू धरून सात पोरं होती. आत्याच्या गावी पोळा पाहायला जातो, असं घरी ठोकून दिलं आणि डोंगा, म्हणजे छोटी होडी, घेऊन सगळी नदीतल्या बेटावर गेली. कच्चे पेरू खाल्ले, पळसाच्या पानांचे मुकुट केले. जितेंद्र बारा वर्षांचा, सगळ्यांत मोठा, म्हणून राजा तोच. इतकं सुख त्याला पुढे कुठल्या बढतीतही मिळालं नाही.

संध्याकाळी पाहिलं तर डोंगा वाहून गेलेला. दोर कवडूने बांधला होता. पाणी चढत होतं. रात्री झुडपात काहीतरी खसखसलं आणि उजाडेपर्यंत प्रत्येकाने भूत पाहिलेलं होतं.

पोळ्याचा हा दुसरा दिवस मारबतीचा होता. जितेंद्रच म्हणाला, “हे सारं याच्यामुळं झालं. याले मारबत बनवू.”

सुरुवातीला तो खेळच होता. चिखल फासताना कवडूही हसत होता. मग पोरांनी काठ्या उचलल्या. कवडू हसायचा थांबला, पोरं थांबली नाहीत. “घेऊन जा गे मारबत” ओरडत त्यांनी त्याला पाण्यापर्यंत रेटलं. एकटी मयुरा रडत होती. तिने धावत जाऊन आपला लाकडी बैल कवडूच्या हातात दिला, आणि तो घेऊनच कवडू प्रवाहात गेला.

त्या रात्री मयुराला ताप भरला. पहाटे ती गेली. दुपारी जाळ्यांनी भरलेला एक डोंगा बेटाला लागला. “अगा माय, लेकरं!” म्हणत त्यातला म्हातारा जागीच थांबला.

घरी जितेंद्रने सांगितलं, कवडू आपणहून मदत आणायला पाण्यात उतरला. पैलतीरावरून त्याच दिवशी परतलेल्या कवडूने नुसती मान हलवली.

“आम्ही तुले हाकललं,” जितेंद्र म्हणाला, “अन् तरी तू आमच्यासाठी डोंगा पाठवला. वरून आमचं पाप झाकलं. अडतीस वर्षं मले धड झोप नाही गा.”

कवडूने बोटाने बैलाचं चाक फिरवलं. ते खरंच छान फिरत होतं.

“पैलतीरी लोकांनी मले त्याच दुपारी बाहेर काढलं,” तो म्हणाला. “तेव्हा मयुरा जिती होती. त्यांचा डोंगा काठालेच होता. त्यांनी मले तीनदा विचारलं, तिकडं आणखी कोणी आहे का?”

प्रेमलता शाल घेऊन दारात उभी होती.

“मी तिन्ही वेळा म्हटलं, कोणी नाही. मी एकटाच होतो.”