स्थिर हात

"कोण म्हणतं?" सरांनी फळ्यावरच्या धाकटीच्या वाक्याकडे बोट दाखवत विचारलं.

पदवीनंतर धाकटीने लावलेल्या इंग्रजीच्या वर्गात सरांचा एक शिरस्ता होता. 'असं म्हटलं जातं', 'असं मानलं जातं' अशी वाक्यं ज्याने लिहिली, त्याने म्हणणाऱ्याला शोधून आणायचं. आज तुलनेची वाक्यं होती. कुणी लिहिलं, नवा पूल जुन्यापेक्षा मजबूत मानला जातो. धाकटीने फळ्यावर लिहिलं होतं, 'इट इज सेड दॅट माय सिस्टर्स हँड इज स्टेडिअर दॅन माइन.' ताईचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, असं म्हटलं जातं. व्याकरण बिनचूक होतं. म्हणणाऱ्याचा मात्र पत्ता नव्हता.

एरवी तिने हसून सोडून दिलं असतं. पण या वाक्यावर घरातलं दुकान अडलं होतं. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बारीक कामासाठी बाबांची नजर पुरेनाशी झाल्यापासून दुरुस्तीच्या टेबलावर ताई बसायची, आणि धाकटी पट्टे बदलायची, सेल घालायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायची. आता ताईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. टेबल आणि हत्यारं विकून नुसते पट्टे आणि सेल ठेवायचे, असं बाबांनी ठरवलं होतं. टेबल बघायला माणूस उद्या येणार होता. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या, प्रयोगशाळेत केसाएवढ्या तारेची जाडी मोजलेल्या मुलीला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. हात स्थिर नाही, म्हटल्यावर विषयच संपला.

घरी पोचताच तिने आत्याला गाठलं. आत्या म्हणाली, अगं, सगळं जग म्हणतं. जगात नेमकं कोण, हे विचारल्यावर तिने आईकडे बोट दाखवलं. आईला हे बाबांनी सांगितलं होतं. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवून बराच वेळ आठवलं. मग म्हणाले की, हे त्यांना ताईनेच सांगितलं होतं, लहान असताना.

धाकटीला जरा रागच आला. म्हणजे ताईने स्वतःचीच आरती ओवाळली होती तर.

ताई आतल्या खोलीत बॅग भरत होती. प्रश्न ऐकून ती खाली बसली आणि पोट धरून हसली.

"मला कोणी सांगितलं? तूच की, शहाणे."

"मी?"

"सहा वर्षांची होतीस. बाबांनी चिमटा हातात दिला, तुझ्याकडून स्प्रिंग उडाली, आणि तू टेबलाखाली जाऊन बसलीस. बाहेरच येईनास. मला म्हणालीस, माझा हात हलतो, तुझा स्थिर आहे, तू जा. मी बाबांना तसंच सांगितलं."

बाबांनी आईला, आईने आत्याला सांगितलं होतं. आणि आत्याला कळल्यावर जगाला कळायला कितीसा वेळ लागणार?

धाकटी बॅगेशेजारी बसली. इतकी वर्षं जो निष्कर्ष तिने निमूट मानला, तो एकाच निरीक्षणावरून काढलेला होता. निरीक्षक सहा वर्षांची, घाबरलेली आणि टेबलाखाली.

"आणि तुझ्या हातून कधी उडाली नाही?" तिने विचारलं.

"पहिल्या वर्षी दर आठवड्याला उडायची. बाबा कपाळाला हात लावायचे. मी शोधायचे आणि परत बसायचे." ताईने बॅगेची चेन ओढली. "टेबलाखाली मीही जायचे गं. फक्त तिथे राहायचे नाही."

सकाळी बाबा दुकानात आले तेव्हा टेबलावरचा दिवा लागलेला होता. धाकटी डोळ्याला भिंग लावून बसली होती. समोर खणातलं एक बेवारस घड्याळ उघडं पडलं होतं. काउंटरपाशी उभे राहून बाबांनी पट्टे नीट लावायला घेतले. ते आधीच नीट होते.

थोड्या वेळाने टेबल बघायला आलेला माणूस दारात उभा राहिला. नेमकी त्याच वेळी चिमट्यातून स्प्रिंग उडाली. टिक असा बारीक आवाज झाला, आणि ती दिसेनाशी झाली.

माणूस तिथेच थबकला. बाबांचा हात पट्ट्यांवर थांबला.

धाकटीने भिंग काढलं. टॉर्च घेतला आणि ती टेबलाखाली गेली. चुंबक फिरवला असता तर ती लगेच सापडली असती, पण चुंबकाने स्प्रिंग बिघडते, एवढं तिला पदवीने शिकवलं होतं. म्हणून ती फरशीची एकेक चौकट डोळ्यांनी तपासत राहिली. खालून फक्त उजेड सरकताना दिसत होता. मग टॉर्च विझला. धाकटी बाहेर आली, गुडघे झटकले, स्प्रिंग चिमट्यात धरली, आणि परत खुर्चीवर बसली. भिंग लावलं. चिमटा घड्याळावर आला आणि तिथे अगदी निश्चल थांबला.

दारातल्या माणसाने घसा खाकरला. "हे टेबल विकायला काढलंय म्हणे."

बाबांनी धाकटीच्या हातावरची नजर न हलवता विचारलं, "कोण म्हणतं?"