खरं कारण

"दारात पोलीस कशाला?" ज्यू केंद्रासमोर गाडीतून उतरताच येफिम आजोबांनी विचारलं.

"असतोच तो इथं. चला ना आजोबा, उशीर होतोय," पोलिना म्हणाली.

आजोबांना ते पटलं नाही. दारातला पोलीस कुणी आत येऊ नये म्हणून उभा असतो की कुणी बाहेर जाऊ नये म्हणून, हे उशिरा कळतं. असं ते युक्रेन सोडून फिलाडेल्फियात पाऊल ठेवल्यापासून सांगत आले होते.

उन्हाळ्यात देशभरातली ज्यू मुलंमुली एका शहरात जमत. खेळ, नाच, नाटक, चित्रं, सगळं चाले. पोलिनाला त्यात जायचं होतं. आज पोहण्याच्या संघाची निवड होती. "सगळ्या ज्यूंना एका जागी बोलावणारा भला माणूस मला अजून भेटायचाय," आजोबा घरी म्हणाले होते. "अहो बाबा, बोलावणारेही ज्यूच आहेत," त्यांची लेक झोया हसली होती. "मग तर जास्तच जपायला हवं," असं म्हणून त्यांनी टोपी घातली आणि नातीबरोबर निघाले.

तलावाच्या काठावर प्रशिक्षिका टोवा गळ्यात शिट्टी आणि घड्याळ अडकवून उभी होती. ती पोलिनाशी हसून बोलली. घरी कुठली भाषा बोलता? रशियन. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेच्या मेणबत्त्या लावता? कधी कधी. "छान," टोवा म्हणाली आणि वळून मदतनीस बाईच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

आजोबांनी ते पाहिलं. त्यानंतर बाकावर बसून ते फक्त तेच पाहत राहिले. टोवा कुणाशी बोलते, कुणाकडे बोट दाखवते, कुणाच्या आईशी हात मिळवते. पोलिनानं पाण्यात उडी मारली तेव्हा त्यांची नजर टोवाच्या ओठांवर होती. पोलिना काठाला लागली तेव्हाही तिथंच.

शेवटी टोवानं नावं पुकारली. त्यात पोलिना नव्हती. टोवा तिच्याजवळ गेली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "चित्रांच्या गटात जागा आहे. येशील?"

पोलिना काही बोलायच्या आत आजोबा उठून तिथं पोचले होते.

"कारण सांगा."

"ती थोडी हळू पोहते, आजोबा."

"कारण मलाही सांगितलं होतं." आजोबांचा आवाज चढला. काठावरच्या आया वळून बघायला लागल्या. "तिकडे पोल्टावाला, सोव्हिएत काळात, मी सोळा वर्षांचा असताना. भिंतीला पहिला हात माझा लागला होता. घेतलं तिसऱ्या आलेल्या पोराला. मला म्हणाले, तुझे खांदे कच्चे आहेत. खांदे! माझ्या ओळखपत्रावर ज्यू लिहिलं होतं, ते कुणी तोंडानं बोललं नाही. तिथं आम्ही ज्यू म्हणून नको होतो. इथं काय? हिचा बाप युक्रेनियन, ज्यू नाही, आमचे उच्चार असे, मेणबत्त्या कधी कधी. इथं आम्ही ज्यू म्हणून कमी पडलो काय?"

"आजोबा, प्लीज," पोलिना रडवेली झाली.

टोवा रागावली नाही. तिनं गळ्यातलं घड्याळ काढलं आणि आजोबांच्या हातात ठेवलं. "मी दोघींना पुन्हा सोडते. पोलिना आणि निवडलेल्यांतली एक. वेळ तुम्ही घ्या."

शिट्टी वाजली. आजोबांचा अंगठा आपोआप कळीवर दाबला गेला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

पोलिनाचं कोपर दर हाताला खाली पडत होतं. श्वासासाठी ती अख्खं डोकं वर काढत होती. वळताना तिनं भिंत चाचपली, अंधारात दिवा शोधावा तशी. "कोपर वर," आजोबा पुटपुटले. मग काठाकाठानं चालत मोठ्यांदा, "अगं, कोपर वर घे! कोपर!" दुसरी मुलगी भिंतीला लागली, बाहेर आली, केस पिळू लागली. पोलिना अजून येतच होती.

ती काठाला लागली तेव्हा आजोबांनी कळ दाबली. किती तरी वेळ ते घड्याळाकडे बघत उभे राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले.

पोलिना ओलीचिंब धावत आली. "आजोबा, नका ना रडू. मला चित्रांच्या गटातही आवडेल. खरंच आवडेल."

पण आजोबा रडत नव्हते. ते हसत होते. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. टोवाचा हात दोन्ही हातांत घेऊन ते तो हलवत राहिले. "चित्रांत घ्या हिला," ते म्हणाले. "पाण्यात नका घेऊ. अजिबात नका घेऊ!"

बाहेर येऊन त्यांनी झोयाला फोन लावला.

"पोलिनाला पोहण्यात घेतलं नाही."

झोयाही लहानपणी पोल्टावालाच वाढली होती. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "काय कारण सांगितलं?"

"हळू पोहते म्हणाले."

"बाबा, ते जाऊ दे. खरं कारण काय?"

"तेच तर सांगतोय, पोरी!" भर रस्त्यात आजोबा आनंदानं ओरडले. "आपली पोलिना हळू पोहते!"