शिपायाचा हात

"बाबा, शिपायाला चारच बोटं का? माझ्या मैत्रिणींनी पैज लावलीय, तुमी सोताचाच हात कोरलाय म्हणून."

नलूने जेवताना हसत हसत विचारलं. दहावीचा शेवटचा पेपर देऊन झाला होता आणि सोमवारपासून तीही बाबांच्याच कंपनीत मशीनवर बसणार होती. आता भ्यायचं कशाला?

बोईसरच्या त्या कंपनीच्या शेठला जुन्या लाकडी खेळण्यातल्या शिपायासारखे प्लास्टिकचे शिपाई काढायचे होते. त्याचा नमुना नलूच्या बाबांनी, पुंडलिकने, सरावलीच्या या राहत्या खोलीत बसून लाकडात कोरून दिला होता.

"माझा कशाला कोरू?" चार बोटांनी भात कालवत पुंडलिक म्हणाला. पाचवं मशीनने केव्हाच खाल्लं होतं. "माझ्यात एक कमी हाय, ते म्हायती हाय ना मला. म्हणून कंपनीत माझ्या मशीनच्या लायनीतल्या आठ जणांचे हात बघून कोरला."

आईचा घास हातातच राहिला. "नलू, तू नको जाऊ."

नलूने आपला उजवा हात ताटावर धरला आणि पाचही बोटं पसरून बघितली.


"आई, धाकट्यांची शाळा हाय, मी जाणार ते जाणारच. पण बाबा, उद्या रविवार हाय. उद्याच्या उद्या माझा हात बघून नवा शिपाई कोरा."